सूत्र उघड करा: एनसीएएच्या निवड समितीस खुले पत्र

प्रति,
पुरुष बास्केटबॉल निवड समिती,
एनसीएए, इंडियानापोलिस



मार्चमधल्या एका रविवारी अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या संघांची आपली यादी जाहीर होते, तेव्हा अमेरिकेत शिकणारी कितीतरी मराठी मुलेही आपापल्या विद्यापीठाचे नाव शोधत असतात. त्यांच्यासारख्याच एका प्रेक्षकाचे हे पत्र आहे. २०२५मध्ये ६८ संघांपैकी ३१ संघ आपापल्या कॉन्फरन्सचे, म्हणजे विद्यापीठांच्या साखळीचे, विजेते म्हणून हक्काने आले. उरलेले ३७ आपण निवडलेत. स्पर्धेत खेळलेल्या एकेका सामन्यामागे त्या संघाच्या कॉन्फरन्सला सहा वर्षांत मिळून सुमारे २० लाख डॉलर मिळतात, म्हणजे वगळलेला संघ मानाबरोबर बरेच काही गमावतो.

२०२४मध्ये आपण टेरे होटच्या इंडियाना स्टेटला वगळलेत. बास्केटबॉलपटू लॅरी बर्डचे हे विद्यापीठ. २८ विजय, ६ पराभव. आपल्याच ‘नेट’ क्रमवारीत हा संघ पहिल्या तिसांत होता. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ड्रेककडून हरला आणि दार बंद झाले, कारण बलाढ्य संघांवरचे विजय त्याच्या नावावर फारसे नव्हते. पुढच्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायना आत आले. आपण सर्वांत कठीण मानता त्या पहिल्या गटातल्या १३ सामन्यांपैकी त्यांनी एकच जिंकला होता. वेस्ट व्हर्जिनियाने त्या गटात सहा जिंकले, ते बाहेर. नॉर्थ कॅरोलायनाचे क्रीडा संचालक तेव्हा समितीचे अध्यक्ष होते. आपल्या संघाची चर्चा होताना ते बाजूला झाले, आणि त्यांच्या सचोटीवर मला शंका घ्यायची नाही. त्या संघाने पहिल्याच सामन्यात सॅन डिएगो स्टेटला ९५-६८ असे हरवले, तेव्हा तो कच्चा नव्हता हेही खरे. मग निकष कोणता? क्रमवारी पाहायची तर इंडियाना स्टेट का बाहेर राहिले? मोठे विजय पाहायचे तर वेस्ट व्हर्जिनिया का?

नेटच्या आधी, १९८१पासून, संघांची क्रमवारी लावायला ‘आरपीआय’ हा निर्देशांक होता. एक चतुर्थांश वजन स्वतःच्या विजयांना, निम्मे प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना, उरलेले प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना. तीन चतुर्थांश आकडा संघाच्या हाताबाहेरचा. दुबळ्या संघाला हरवूनही क्रमांक घसरायचा. सूत्र सदोष होते, पण उघड होते. २००६मध्ये आरपीआयमध्ये एकविसाव्या असलेल्या मिसुरी स्टेटला वगळले, तेव्हा वाद घालणाऱ्या प्रत्येकाला तो एकविसावा क्रमांक स्वतः मांडून पाहता येत होता. २०१८मध्ये त्याच्या जागी नेट आले. २०२०पासून त्याचे दोनच घटक आहेत एवढे आपण सांगता. पूर्ण सूत्र आजवर प्रसिद्ध केलेले नाही. महाराष्ट्रात बोर्डाच्या परीक्षेला बसलेल्या मुलालाही आपल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. आपल्याकडे अख्ख्या विद्यापीठाला ती सोय नाही.

त्या दोन घटकांपैकी एक आहे कार्यक्षमता: चेंडू हाती आल्याच्या दर शंभर खेपांमागे किती गुण केले आणि किती दिले. सुरुवातीला गुणफरक हा वेगळा घटक होता आणि त्याला १० गुणांची मर्यादा होती. २०२०मध्ये तो घटक गेला, मर्यादाही गेली. आता डिसेंबरमध्ये एखाद्या दुबळ्या पाहुण्या संघावर ३० गुणांची आघाडी आहे, चार मिनिटे उरली आहेत, अशा वेळी प्रशिक्षक काय करील? वर्षभर सरावात घाम गाळूनही मैदान न दिसलेल्या मुलांना उतरवण्याची हीच वेळ असते. पण त्यांनी दहा गुण गमावले, तर ते आकड्यात उतरतात. माझा खरा राग इथे आहे. सूत्र केवळ खेळ मोजत नाही, खेळ कसा खेळायचा तेही ठरवू लागते.

आणि त्याचा फायदा कोणाला? मोठ्या कॉन्फरन्सचे संघ नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लहान विद्यापीठांना पैसे देऊन आपल्या घरी बोलावतात आणि दणकून हरवतात. त्या सगळ्या मोठ्या संघांची क्रमवारी चढते. जानेवारीत हेच संघ एकमेकांशी खेळू लागतात तेव्हा जवळजवळ प्रत्येक सामना पहिल्या गटात मोडतो, कारण घरच्या मैदानावर पहिल्या ३०, तटस्थ मैदानावर ५० आणि बाहेर ७५ क्रमांकांपर्यंतचा प्रतिस्पर्धी त्या गटात धरला जातो. हरले तरी प्रतिस्पर्धी मोठाच. टेरे होटला मात्र हे संघ खेळायला येत नाहीत. मिळालीच नाही अशी संधी साधली नाही, हा दोष त्या मुलांच्या माथी मारू नये.

सूत्र उघड असल्याने काय साधते, ते अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये दिसले. तिथे अंतिम सामन्याचे संघ ठरवणाऱ्या ‘बीसीएस’ या जुन्या पद्धतीत सहा संगणकीय क्रमवाऱ्या होत्या. त्यांतली एकट्या वेस्ली कॉली यांची पद्धत पूर्ण प्रसिद्ध होती. २०१०मध्ये तिच्यात एका सामन्याचा निकाल भरायचा राहिला आणि एलएसयू व बॉइझी स्टेट यांचे दहावा-अकरावा हे क्रमांक उलटे लागले. चूक बाहेरच्या एका जाणकाराने पकडली, कारण हिशेब त्याला करून पाहता आला. उरलेल्या पाच क्रमवाऱ्यांमध्ये तसे काही घडले असते, तर बाहेरच्या कोणाला कळले असते?

२०२४-२५पासून आपण संघांच्या माहितीपत्रकावर एक चांगला आकडा आणला आहे: निवडीच्या उंबरठ्यावरच्या सर्वसाधारण संघाने हेच वेळापत्रक खेळून जितके सामने जिंकले असते, त्याहून या संघाने किती अधिक जिंकले. त्यात तीस गुणांनी जिंका की एका गुणाने, विजय तो विजय. माझी विनंती आहे की निवडीत पहिला मान या आकड्याला द्यावा. नेटचे संपूर्ण सूत्र आणि त्यात भरली जाणारी माहिती हंगामाचा पहिला सामना होण्याआधी प्रसिद्ध करावी. आणि थोडक्यात हुकलेल्या पहिल्या चार संघांना, ते कोणत्या निकषावर मागे पडले, हे त्याच रविवारी लेखी कळवावे.

कळावे,
आपला,
एक बास्केटबॉलप्रेमी