कनेक्टिंग रॉड घेताना

हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि मालकाने पुन्हा किल्ली फिरवली, की आत शिरलेले पाणी पिस्टनच्या माथ्यावर अडते. खालून क्रँक रेटतच असतो. मधल्या मध्ये वाकतो तो कनेक्टिंग रॉड. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून हे दुखणे मुंबईकरांना नव्याने सांगावे लागत नाही. नेहमीच्या विमा पॉलिसीत असे नुकसान बहुधा धरले जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

वाकलेला रॉड नुसत्या डोळ्यांना पुष्कळदा सरळच दिसतो. हेड उतरवल्यावर प्रत्येक पिस्टन माथ्यावर आणून त्याची उंची मोजावी. एखादा इतरांपेक्षा खाली राहिला, तर त्याचा रॉड वाकून आखूड झाल्याचा दाट संशय धरावा.

बदली रॉड आणताना मॉडेलचे नाव सांगणे पुरेसे नाही. फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन मारुती आणि टाटा यांच्या गाड्यांतही बसले; उलट एकाच नावाच्या गाडीत काळानुसार निरनिराळी इंजिने आली. म्हणून चॅसिस क्रमांक व इंजिन क्रमांक यांवरून पार्ट नंबर काढावा आणि तो रॉडवरील खुणांशी ताडून पाहावा. खोक्याच्या छपाईवर विसंबू नये. खोके छापणे हे रॉड घडवण्याहून फार सोपे काम आहे.

मोडीतील इंजिनाचा रॉड सरसकट टाकाऊ नसतो, असे माझे मत आहे. मात्र मोठ्या टोकाजवळ निळसर झाक दिसली, तर बेअरिंग फिरून तो तापलेला आहे असे समजून बाजूला ठेवावा. दांड्यावर खोल ओरखडा असेल तरीही तोच निर्णय, कारण तडा तेथूनच सुरू होतो. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर हा रॉड सेकंदाला ५० वेळा वर जाऊन खाली येतो. तो तुटला, तर ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो, आणि मग रॉडमध्ये वाचवलेल्या पैशांची जागा संपूर्ण इंजिनाची किंमत घेते.

नवा असो वा जुना, रॉड आधी मशीन शॉपमध्ये न्यावा. चुंबकीय चाचणीने तडे शोधावेत. सांगाड्यावर चढवून वाक आणि पीळ मोजावा. अनेक कारखानदार १०० मिलिमीटर लांबीमागे ०.०५ मिलिमीटरहून अधिक वाक खपवून घेत नाहीत. मग टोपी बसवून, टॉर्क रेंचने ठरलेल्या मापापर्यंत बोल्ट आवळून, बोअर गेजने मोठ्या टोकाचा गोलावा पाहावा. बोल्ट न आवळता घेतलेले माप निरर्थक होय. वजनही करावे आणि तेही दोन्ही टोकांचे वेगवेगळे, कारण चारांपैकी एकच रॉड बदलताना तो उरलेल्या तिघांच्या वजनगटातील असावा लागतो.

अलीकडच्या कित्येक रॉडांची टोपी कापलेली नसते, तर मुद्दाम तोडलेली असते. तुटलेले दोन्ही खडबडीत पृष्ठभाग एकमेकांतच बसतात. अशा रॉडला दुसऱ्याची टोपी चालत नाही आणि टोपी घासून पुन्हा मापात आणण्याची जुनी युक्तीही चालत नाही. गल्ल्यावर चार रॉड उघडून दाखवताना टोप्यांची अदलाबदल झाली, तर मालही गेला आणि गिऱ्हाईकही. खूण करायची तर रंगाने करावी, ठोक्याने नव्हे.

आवळताना ताणले जाणारे बोल्ट एकदाच वापरण्यासाठी असतात. ते रॉडसोबत नवेच द्यावेत व बिलात वेगळे दाखवावेत. त्याच बिलावर पार्ट नंबर, इंजिन क्रमांक आणि माल नवा की वापरलेला हे लिहावे. वापरलेला असल्यास मशीन शॉपच्या मापांची चिठ्ठी सोबत टाचावी व तिची एक प्रत दुकानातही ठेवावी.