टपरीमागचा किल्ला
भाचा भोरला आला तो यादी घेऊनच: सकाळी रोहिडा, मग वेल्ह्याचा १४०३ मीटर उंचीचा तोरणा, संध्याकाळी मुरुडला जंजिरा! अहो, राजगडाची एक संजीवनी माची नीट बघायची तर अर्धा दिवस जातो. दिवसाला एकच किल्ला. जास्त करणारा फक्त डिझेल जाळतो. रोहिड्यावर आमचं निम्मं ऊन गेलं, तोरणा आपोआप गळला. वरंधा घाटात वाघजाईपाशी कांदाभजी खाताना त्याला म्हटलं, ‘उभा आहेस तोच किल्ला. कावळ्या. रस्ता काढताना मधोमध चिरला.’ तळलेली मिरची हातात तशीच धरून पठ्ठ्या कातळातली टाकी शोधायला निघाला. जंजिरा राहिला. त्याच्या वाटची भजी मी संपवली.