नर्सबाईकडे कार्ड चालते का?



ह्या सदरात आपण कपाशीचे, तुरीचे, लिंबाच्या बागेचे बोलतो. आज जरा बांध ओलांडून दुसऱ्या वावरात शिरतो आहे. कारण शिवारफेरीला गेले की पीक पाहून होते, चहा येतो, आणि मग हळूच घरातले दुखणे निघते. उत्राणकडे जा की कासोद्याकडे, हल्ली एकच प्रश्न कानावर पडतो : "साहेब, आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टरकडे ते पाच लाखांचं कार्ड चालतं का?"

उत्तर सरळ आहे. तिथे कार्ड लागतच नाही.

पण एवढ्याने काम भागत नाही. एका गावात एक काकू सहा महिने रक्तदाब तपासायला गेल्या नाहीत. डोके दुखायचे, अंधारी यायची. विचारले तर म्हणाल्या, "कार्ड अजून निघालं नाही ना भाऊ." घरापासून उपकेंद्र हाकेच्या अंतरावर! दुसरीकडे ह्याच्या अगदी उलट गोष्ट. कार्ड खिशात आहे म्हणून माणसे समोर दिसेल त्या दवाखान्यात शिरतात आणि चौथ्या दिवशी बिल हातात पडते. म्हणजे जिथे कार्ड नको तिथे आपण कार्डासाठी अडून बसतो आणि जिथे आधी चौकशी करायला हवी तिथे डोळे मिटून जातो.

आधी उपकेंद्राचे पाहू. सपाटीवर साधारण पाच हजार वस्तीला आणि आदिवासी भागात तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र असावे असे शासनाचे प्रमाण आहे. पूर्वी तिथे एक नर्सबाई असे. लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी आणि कुटुंबकल्याण एवढाच तिचा व्याप आपल्याला ठाऊक. २०१८ साली आयुष्मान भारत योजना आली आणि ह्या उपकेंद्रांचे रूप बदलू लागले. आता पाटी 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी असते आणि नर्सबाईच्या जोडीला एक समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. हे कुठे बी.ए.एम.एस. असतात, कुठे बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या ताई असतात, वर सहा महिन्यांचे खास शिक्षण घेतलेले. लोक त्यांनाही सिस्टर किंवा मॅडमच म्हणतात. म्हणोत बापडे, काम झाल्याशी कारण.

परदेशात ह्या धर्तीची सोय जुनी आहे. अमेरिकेत १९६५ साली कोलोरॅडो राज्यात लोरेटा फोर्ड ह्या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर ह्या डॉक्टरांनी मिळून परिचारिकांना पुढचे शिक्षण देऊन रोगी तपासायला तयार केले. तिथे आता अशा परिचारिका औषधही लिहून देतात. फरक असा, की तिथल्या माणसाला आधी फोन करून विचारावे लागते, 'बाई, तुम्ही माझा विमा घेता का?' आपल्याकडे गावच्या केंद्रात तो प्रश्नच उद्‌भवत नाही. आपल्या ताईला डॉक्टरासारखे सगळे औषध स्वतः ठरवून लिहिता येत नाही हे खरे; पण प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरांनी एकदा ठरवून दिलेली रक्तदाबाची, साखरेची गोळी महिन्याच्या महिन्याला तिच्याकडून मिळते. अडले तर टेलिफोनच्या पडद्यावरून डॉक्टरांशी गाठ घालून देण्याचीही सोय आहे.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, विशेषतः बायकांनी, तिथे जाऊन रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी करून घ्यावी. तंबाखू मळणाऱ्या तात्यांनी तर आधी जावे. बायकांच्या स्तनाची आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी हाही ह्याच कार्यक्रमाचा भाग आहे; लाजून घरी बसू नये, ताईशी ताईसारखे बोलावे. आणि एक नेहमीचे : गोळी घेऊन डोके दुखायचे थांबले की आपण गोळी बंद करतो. अहो, ठिबकने बाग हिरवी झाली म्हणून आपण ठिबक बंद करतो का?

ह्या सगळ्याला पैसा पडत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही माफ झाले आहेत. एरंडोलच्या ग्रामीण रुग्णालयालाही तोच नियम. बाळंतपण, त्यासाठीची गाडी, औषध, जेवण हे सरकारी दवाखान्यात २०११ पासूनच मोफत आहे. ताई फिरतीवरही असते, तेव्हा कुलूप पाहून परत फिरू नका; आशाताईला आदल्या दिवशी विचारले की ती कोणत्या दिवशी कुठे भेटेल ते कळते.

आता कार्डाचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणजे २०१२ साली काही जिल्ह्यांत सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेचेच पुढचे रूप. पूर्वी ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेपुरती होती. शुभ्र पत्रिकेच्या शेतकऱ्यांना सवलत मिळाली, पण ती मराठवाडा, पश्चिम विदर्भ आणि वर्धा मिळून १४ जिल्ह्यांना. आपला जळगाव त्यात नव्हता आणि धुळेही नव्हते. चार-पाच एकर कोरडवाहू कपाशीवाला, पण पत्रिका पांढरी, म्हणून बाहेर! हे अनेकांना खुपत होते, आणि खुपण्यासारखेच होते. १ जुलै २०२४ पासून ती अट गेली. आता कोणत्याही रंगाची पत्रिका असो, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि हप्ता आपल्याला भरावा लागत नाही.

पण नीट ऐका. हे कार्ड दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. खोकल्याच्या बाटलीला ते नाही. ते सगळ्या दवाखान्यांत चालत नाही, योजनेत नाव असलेल्या दवाखान्यांतच चालते. आणि त्यातही मेख अशी, की दवाखाना योजनेत असला तरी सगळ्या विभागांसाठी असेलच असे नाही. हाडांसाठी असेल, हृदयासाठी नसेल. शिवाय काही उपचार फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखून ठेवले आहेत.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ. ऐन वेचणीत वडिलांच्या छातीत कळ आली. शहरातल्या एका दवाखान्यात नेले. दारावर योजनेची पाटी, मुलगा निर्धास्त. तिसऱ्या दिवशी कळले की पाटी खरी, पण हृदयाचे काम त्यांच्या यादीत नाही. वडील वाचले हे भाग्यच. बैलजोडी मात्र गेली आणि घरात आला तो कापूस भाव न पाहता विकावा लागला.

म्हणून दवाखान्यात शिरताच पैसे भरण्याच्या खिडकीकडे जाऊ नका. 'आरोग्यमित्र कुठे बसतात?' हे विचारा. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात हा माणूस असतो. त्याला आजार सांगा, कार्ड किंवा शिधापत्रिका दाखवा आणि हे काम इथे योजनेत होईल का, हे स्पष्ट विचारून घ्या. तातडीची वेळ असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून चालतात. मंजुरी मिळाल्यावर तपासण्या, औषधे, जेवण आणि घरी सोडल्यानंतरचे १० दिवसांचे औषधपाणी हे सारे त्यातच येते. त्यावर कोणी वेगळे पैसे मागितले तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० ह्या फुकटच्या क्रमांकावर तक्रार करावी. घरून निघण्याआधी ह्याच क्रमांकावर विचारले तर जळगावात, धुळ्यात कोणत्या आजाराला कोणता दवाखाना, हेही समजते. दोन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहेच.

कार्ड काढायला आधार आणि शिधापत्रिका लागते. ते आशाताईकडून किंवा सेवा केंद्रात निघते आणि घरातल्या प्रत्येकाचे वेगळे निघते. इथे एक गोष्ट फार अडते. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या पत्रिकेतून कमी झालेले नसते आणि सासरच्या पत्रिकेत चढलेले नसते. दोन-दोन वर्षे ती पोर कुठल्याच घरची नसते! लेकीबाळींची नावे आधी तहसीलमध्ये जाऊन लावून घ्या. सालदाराच्या घरचीही पत्रिका एकदा पाहा. त्याला कोण सांगणार?

आता आमच्या खात्याकडचे थोडे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आम्ही विसरलेलो नाही. फवारणी करताना मळमळ, घाम, तोंडाला लाळ, नजर धूसर असे काही झाले तर काम तिथेच थांबवा, अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि १०८ ला फोन करा. लिंबूपाणी, ताक, झाडपाला ह्यात वेळ घालवू नका. औषधाचा डबा किंवा निदान त्यावरचा कागद बरोबर न्या. कोणते विष पोटात गेले हे डॉक्टरांना त्यावरूनच कळते. सर्पदंशालाही तेच. भगताकडे नाही, आणि उपकेंद्रातही थांबायचे नाही. थेट ग्रामीण रुग्णालय गाठायचे. अशा वेळी कार्ड शोधण्यात अर्धा तास घालवणारेही मी पाहिले आहेत. कार्ड मागून कोणीतरी आणेल.

आणि दवाखान्यातला प्रत्येक कागद सांभाळून ठेवा. शेतकरी अपघातात गेला किंवा अपंग झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मदत मिळते. मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये. १० ते ७५ वर्षे वयाच्या खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एका सदस्याला ती लागू आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत यायला हवा. दुःखाच्या घरात तीस दिवस कसे जातात हे कळत नाही, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच हे लक्षात ठेवायचे. त्या अर्जाला कोणकोणते कागद जोडायचे ते पुढच्या अंकी सांगतो. तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीचे राहिले आहे, तेही त्याच अंकात.