बालनटांचें पुढील आयुष्य

कन्येस चित्रपटांत पाठवावें काय, असें धंतोलींतील एका स्नेह्यांनीं आम्हांस विचारलें. अमेरिकेंतील शर्ली टेंपल हिला १९३५ सालीं, सहा वर्षांची असतांना, विशेष ऑस्कर मिळालें. तिची बहुतेक मिळकत वडिलांच्या हातून गेली. तरी १९७४ सालीं ती घानांत व १९८९ सालीं चेकोस्लोव्हाकियांत राजदूत झाली. आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या 'श्यामची आई'मधील श्याम, माधव वझे, हे पुढें इंग्रजीचे प्राध्यापक व नाट्यसमीक्षक झाले. दोघांनींहि शिक्षण सोडलें नव्हतें.

नाटकाच्या नादीं लागलेल्या एका गुणी विद्यार्थ्यास आम्ही पूर्वीं वर्गांत टाकून बोललों. त्यानें नाटक सोडलें. पुस्तकांतहि त्याचें मन पुन्हां रमलें नाहीं. तें शल्य अद्यापि आहे. म्हणून स्नेह्यांस आम्हीं सांगितलें, "अवश्य पाठवा, मात्र तिची शाळा सोडवूं नका, आणि तिच्या मिळकतीवर घर चालवूं नका."