कारण पाठ आहे, पुरावा?

‘थंड पाण्याच्या ग्लासावर बाहेरून थेंब जमतात. शास्त्रीय कारण लिहा.’ मराठी शाळेत शिकलेला माणूस झोपेतून उठवला तरी उत्तर देईल: हवेतल्या बाष्पाचं संघनन होतं, म्हणून. दोन गुण. उत्तर बरोबरच आहे. पण हे पाणी हवेतूनच आलं कशावरून, असं त्या मुलाला कुणी विचारत नाही. आणि विचारलंच तर ‘बाईंनी सांगितलं’ यापलीकडे त्याच्याकडे काही नसतं.

चौथी-पाचवीतल्या मुलाला मोकळेपणाने लिहू दिलं तर तो बहुधा लिहील, ‘ग्लासातलं पाणी पाझरून बाहेर आलं.’ आपण त्यावर लाल फुली मारतो. पण या पोराने घरचा माठ पाहिलेला असतो आणि माठ पाझरतोच. त्याने निदान अनुभवाचा आधार घेतला. पाठांतर करणाऱ्याने तेवढंही केलेलं नाही. शिक्षकाचं खरं काम इथून सुरू होतं. ग्लासात कोकम सरबत ओता, बर्फ टाका. बाहेरचे थेंब लाल आहेत का? चाखले तर आंबट लागतात का? नाही. एखादी चुणचुणीत मुलगी म्हणेल, रंग आतच अडकला असेल, नुसतं पाणी गाळून आलं असेल. (शंका उत्तम आहे, तिच्यावर अख्खा तास गेला तरी चालेल.) मग स्टीलचा कोरडा, रिकामा पेला फ्रीजमध्ये ठेवून बाहेर काढा. आत पाणी नव्हतंच, तरी त्याला ओल धरते. पावसाळ्यातल्या रत्नागिरीत हा पेला चांगलाच भिजेल, मे महिन्यातल्या कोरड्या नागपुरात त्यामानाने कमी. पुस्तकातलं उत्तर मात्र दोन्हीकडे अक्षरशः एकच.

यानंतर लिहायला सांगावं: आधी काय वाटलं, काय केलं, काय दिसलं, आता काय वाटतं आणि का. वाक्यं मोडकी येतील, ‘संघनन’ कदाचित येणारही नाही. तो शब्द नंतर देता येतो. आपण आधी शब्द देतो आणि तिथेच थांबतो.

यात गुणांपेक्षा मोठा धोका आहे. पाठ केलेल्या कारणाचा साचा कशालाही चालतो: एक विधान, मग ‘कारण’, मग एखादा भारदस्त शब्द. ग्रहणात का जेवू नये याचं ‘शास्त्रीय कारण’ व्हॉट्सॲपवर नेमकं याच साच्यात येतं. किरण, ऊर्जा, लहरी, काहीही घाला. शाळेत वर्षानुवर्षं याच साच्यावर गुण मिळवलेला माणूस त्याला कुठे अडवणार? वैज्ञानिक दृष्टिकोनाचं मूलभूत कर्तव्य १९७६ साली राज्यघटनेत आलं आणि बालभारतीच्या पुस्तकांत ते छापलेलंही असतं. त्याच पुस्तकातल्या धड्याखालचा स्वाध्याय मात्र पुराव्याशिवाय कारण मागतो.

हे बदलता येतच नाही असं नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ साली सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सहावी ते आठवीची मुलं प्रयोग करून निरीक्षणं आपल्या शब्दांत नोंदवत. परीक्षेला पुस्तक जवळ ठेवायची मुभा होती, त्यामुळे पाठांतराची गरजच उरली नाही. २००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तरी एक गोष्ट त्यातून दिसली: त्यांनी परीक्षाच बदलली होती. आपण कार्यशाळा घेतो आणि प्रश्नपत्रिका तशीच ठेवतो.

म्हणूनच नव्या उपायांचीही मला धास्ती वाटते. अमेरिकेतल्या शाळांत ‘दावा, पुरावा, तर्क’ असा लेखनाचा आराखडा रुळला आहे. कल्पना चांगली आहे. पण आपल्याकडे तो आला तर वहीत तीन छापील चौकटी येतील आणि वर्षभरात गाईडमध्ये तिन्हींची तयार उत्तरं. मुलं ‘पुरावा’सुद्धा पाठ करतील.

त्यापेक्षा प्रश्न फिरवावा. न पाहिलेल्या दोन पेल्यांची निरीक्षणं द्यावीत. काय ठरतं, काय ठरत नाही आणि आणखी काय करून पाहावं लागेल, हे विचारावं. अशी उत्तरं तपासायला वेळ लागतो. वर्गात चाळीस मुलं, त्यात निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. बाईंना त्या वह्या वाचायला आठवड्यातले दोन तास कुठून द्यायचे, हे शिक्षण विभागाने आधी ठरवावं.