मालकाचे यंत्र, कंपनीची किल्ली

वस्तूची किंमत मोजली आणि पावती हाती पडली, की ती वस्तू घेणाऱ्याची झाली, असा व्यवहाराचा आजवरचा संकेत आहे. सायकल, शिलाई यंत्र, मिक्सर, पंखा यांच्या बाबतीत तो निर्वेधपणे पाळला गेला. घरमालकाने पंखा उतरवून स्वतः कंडेन्सर बदलला, म्हणून पंख्याने फिरण्याचे नाकारले, असे कधी घडले नाही. आता मात्र पुण्यातील अनेक घरांत जमिनीवरून आपोआप फिरून केर काढणारे रोबो आले आहेत आणि त्यांच्यामागोमाग एक प्रश्नही उंबरठा ओलांडून आत आला आहे. हे यंत्र बिघडले, तर ते उघडण्याचा अधिकार कोणाचा?

प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. २००१ साली स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने आणि २००२ साली अमेरिकेच्या आयरोबो कंपनीने असे रोबो बाजारात आणले, तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. २०२० च्या टाळेबंदीत घरकामाला येणाऱ्या बायकांची ये-जा थांबली आणि मध्यमवर्गीय कुटुंबांनाही या यंत्राची आठवण झाली. पतिपत्नी दोघेही नोकरी करणाऱ्या घरात, किंवा मुले परदेशी गेलेल्या वृद्ध जोडप्याच्या घरात, ते आज गरजेची वस्तू बनू पाहत आहे. त्यासाठी महिन्याच्या पगारातला मोठा वाटा खर्ची पडतो. असे यंत्र दोन-तीन वर्षांत थांबले आणि ‘दुरुस्तीपेक्षा नवेच घ्या’ असा सल्ला मिळाला, तर तो ग्राहकाच्या खिशावर घातलेला घालाच होय.

वस्तुतः या यंत्राचे बहुसंख्य आजार घरच्या घरी बरे होण्याजोगे आहेत. लांब केस आणि कपड्यांचे धागे ब्रशच्या दोन्ही टोकांना व पुढच्या छोट्या चाकाच्या आसाभोवती गुंडाळले जातात आणि मोटारीवर भार पडून यंत्र अडते. कात्री व चिमटा यांनी ते काढले की काम भागते. जिन्याची कड ओळखण्यासाठी तळाशी बसवलेले सेन्सर जमिनीवरून परतणाऱ्या अवरक्त किरणांवर चालतात. त्यांवर धूळ बसली, की सपाट फरशीवरही यंत्राला पुढे खड्डा असल्याचा भास होतो आणि ते मागे सरते. ठिकठिकाणी बांधकामे चाललेल्या या शहरात अशा धुळीला तोटा नाही. काळा गालिचा किंवा कडप्पा यांवरही, किरण शोषले गेल्यामुळे, तोच प्रकार घडू शकतो. चार्जिंगच्या पट्ट्या काळवंडल्या असतील, तर कोरड्या फडक्याने पुसणे पुरते. जे फिल्टर धुता येतात, ते ओले असतानाच परत बसवू नयेत, इतके पथ्य पावसाळ्यात पाळले तरी पुष्कळ आहे. एक साधा स्क्रू ड्रायव्हर आणि अर्ध्या तासाची सवड, एवढेच भांडवल या कामांना लागते.

सर्वच कामे घरी करावीत, असे मात्र कोणी सुज्ञ माणूस म्हणणार नाही. या यंत्रातील लिथियम-आयन बॅटरी योग्य जातीची आणून बदलणे शक्य असले, तरी फुगलेल्या बॅटरीला टोचणे वा दाबणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. ती घरच्या कचऱ्यात टाकणे हाही अपराधच मानला पाहिजे. कारण पुण्यात तो कचरा ‘स्वच्छ’ संस्थेच्या कष्टकरी भगिनी हाताने वेगळा करतात. घरच्या दुरुस्तीचा पुरस्कार करताना तिच्या मर्यादाही सांगितल्याच पाहिजेत.

तथापि खरी अडचण मालकाच्या अज्ञानाची नसून उत्पादकाच्या धोरणाची आहे. सुटा भाग स्वतंत्रपणे विकायचा नाही, एक सेन्सर बिघडला तरी संपूर्ण बोर्ड बदलण्यास सांगायचे, यंत्राच्या अंतर्रचनेची माहितीपुस्तिका कोणाला द्यायची नाही, असे हे धोरण असते. त्यात आता इंटरनेटवरील दूरच्या संगणकाचे बंधन आले आहे. नीटो या कंपनीचा कारभार २०२३ साली बंद झाला, तेव्हा मोबाइलवरून रोबो चालवण्याची सेवा किमान पाच वर्षे चालू राहील, असे आश्वासन तिच्या जर्मन मालकांनी दिले होते. २०२५ च्या अखेरीसच ती सेवा बंद झाली. यंत्रे धडधाकट असूनही त्यांच्या अंगचे अर्धे कसब एका दिवसात नाहीसे झाले. उरले ते फक्त वरचे बटण. खुद्द आयरोबो कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. यंत्राहून कंपनीचेच आयुष्य कमी ठरू लागले, तर ग्राहकाने कोणाच्या भरवशावर राहावे?

अडाणी हातांनी यंत्र उघडल्यास अपघात होईल, असा उत्पादकांचा युक्तिवाद असतो. त्यात तथ्य नाही असे नाही. पण अपघाताची भीती खरी असेल, तर माहिती दडवून ती कमी कशी होणार? योग्य माहिती आणि अस्सल सुटे भाग मिळाले, तरच धोका टळतो. सुट्या भागांच्या अशाच अडवणुकीबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा मोटार कंपन्यांना दोन हजार पाचशे कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले; परंतु बाहेरच्या कारागिराला भाग नाकारणे हा मक्तेदारीचा प्रकार आहे, हे तत्त्व त्या निर्णयाने स्पष्ट केले. जे मोटारीला लागू, ते केर काढणाऱ्या यंत्राला लागू का असू नये?

या विषयात पुण्याने पुढाकार घ्यावा, असे म्हणण्यास इतिहासाचा आधार आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीची चळवळ याच शहरात सुरू केली आणि बारा वर्षांनी, २४ डिसेंबर १९८६ रोजी, देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्याच तारखेला २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले. मे २०२५ मध्ये सरकारी समितीने वस्तूंच्या दुरुस्तीसुलभतेला गुण देण्याची योजनाही सुचवली. आरंभ मात्र मोबाइल व टॅबलेट यांपासून करावा असे तीत आहे. फ्रान्सने २०२१ पासून अशी गुणपद्धती सक्तीची केली आणि पुढच्याच वर्षी तीत केर काढणारे रोबोही घेतले. तेव्हा हे काम अशक्य कोटीतले खासच नाही. संकेतस्थळ माहिती देते, सुटा भाग देत नाही. त्यासाठी कायद्याचीच सक्ती हवी. निदान पाच वर्षे सुटे भाग वाजवी किमतीत मिळावेत आणि कंपनीची सेवा बंद झाली तरी यंत्र घरातल्या घरात पूर्णपणे चालावे, या दोन मागण्या तरी ग्राहक संघटनांनी लावून धरल्या पाहिजेत.

कायद्याइतकीच गरज हाताच्या शिक्षणाची आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला, तो हाताने काम करता करता शिकण्याच्या विचारावरच. शहरातील शाळांनी त्यापासून बोध घेऊन बंद पडलेली घरगुती यंत्रे विद्यार्थ्यांपुढे उघडून ठेवली, तर परावर्तनाचा धडा फळ्यापेक्षा त्या सेन्सरवरून अधिक लवकर उमजेल. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत जाऊन नेमका भाग मागणारा ग्राहक आणि तो बसवून देणारा कारागीर, दोघेही अशा शिक्षणातूनच घडतील.

यंत्रांनी माणसाचे श्रम वाचवावेत, यात गैर काहीच नाही. मात्र त्या मोबदल्यात त्यांनी माणसाला परावलंबी करू नये. ज्या वस्तूचे झाकण उघडण्याची मालकाला मुभा नाही, ती त्याने पूर्ण पैसे देऊन घेतलेली भाड्याची वस्तू होय.