शूर्पकर्णाचा उत्सव आणि आमचे कान

श्रीगजाननाच्या अनेक नामांपैकी शूर्पकर्ण हे नाम आम्हांस विशेष प्रिय आहे. शूर्प म्हणजे सूप. सुपाएवढे ज्याचे कान तो शूर्पकर्ण. मूर्ती घरी आणताना आपण सोंड कोणत्या बाजूस वळली आहे ते निरखतो, डोळ्यांची आखणी पाहतो, पीतांबराचा रंग पाहतो. कानांकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. व्यासांनी महाभारत सांगितले व गणेशाने ते लिहून घेतले, ही कथा सर्वश्रुत आहे. लेखणी थांबता कामा नये ही अट गणेशाची, आणि अर्थ उमगल्यावाचून अक्षर लिहू नये ही अट व्यासांची. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने ही कथा मूळ संहितेत घेतलेली नाही, हे आम्ही जाणतो. संशोधकांनी वगळली, म्हणून कीर्तनकारांनी वगळावी असे नाही! समोरच्याचे म्हणणे समजल्यावाचून पुढे जायचे नाही, हे ज्या देवाने मान्य केले, त्याच देवाच्या मंडपात शेजाऱ्याने शेजाऱ्याशी अबोला धरलेला आम्ही अलीकडे पाहत आहोत.

आम्ही वाईचे. कृष्णाकाठी ढोल्या गणपतीच्या छायेत वाढलो. तथापि भाद्रपदात कीर्तनसेवेच्या निमित्ताने अंधेरीस येणे गेली अनेक वर्षे घडते, आणि या उपनगराच्या वाट्यास अलीकडे जे आले ते आम्ही जवळून पाहिले. जून २०२२ मध्ये शिवसेना दुभंगली. ऑक्टोबरात निवडणूक आयोगाने धनुष्यबाण हे चिन्ह गोठवले, आणि त्यानंतरची पहिली विधानसभा पोटनिवडणूक झाली ती अंधेरी पूर्वेत, ३ नोव्हेंबर २०२२ रोजी. पुढे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत, अंधेरी ज्यात मोडते त्या वायव्य मुंबई मतदारसंघात, मावळते खासदार गजानन कीर्तिकर एका शिवसेनेत आणि त्यांचे चिरंजीव अमोल कीर्तिकर दुसऱ्या शिवसेनेचे उमेदवार, असा प्रसंग आला. रवींद्र वायकर विजयी झाले ते अवघ्या ४८ मतांनी. पिता-पुत्रांच्या मनात काय चालले असेल त्यात आम्ही शिरत नाही. परंतु जे एका प्रसिद्ध घरात घडले ते या परिसरातील किती अप्रसिद्ध घरांत घडले असेल! एकाच देव्हाऱ्यापुढे उभे राहून दोन भाऊ आरती म्हणतात आणि प्रसादाच्या वेळी एक जण बाल्कनीत जातो.

यावर बहुतेक घरांनी एक उपाय काढला आहे : ‘सणासुदीला राजकारण नको.’ उपाय सोयीचा आहे, पण आम्हांस तो पसंत नाही. मौन निराळे आणि श्रवण निराळे. नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला आहे. मुकाट्याने बसणे ही काही दहावी भक्ती नव्हे. न बोललेला विषय घरातून जात नाही, तो माजघरात जाऊन बसतो, आणि मग जागेच्या वाटणीत, मुलीच्या लग्नाच्या आमंत्रणात डोके वर काढतो.

आमच्या पूर्वजांनी याचा विचार केला नव्हता असे नाही. न्यायशास्त्रात चर्चेला ‘कथा’ असाच शब्द आहे, आणि तिचे तीन प्रकार गौतमांनी सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. सत्य कळावे म्हणून होतो तो वाद. येनकेनप्रकारेण जिंकावे म्हणून होतो तो जल्प. स्वतःचे काहीच न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडायचे, ती वितंडा. आज दूरदर्शन-संचावर रात्री नऊ वाजता चालते आणि भ्रमणध्वनीवर दिवसभर चालते ते यांपैकी काय, हे सुज्ञ वाचकांनीच ठरवावे. गौतम काही भाबडे नव्हते. बीजाचे अंकुर राखण्यास काटेरी फांद्या लावतात, तसे जल्प व वितंडाही तत्त्वाच्या रक्षणास लागतात, असे त्यांनी म्हटले आहे. आमची अडचण अशी की कुंपण वाढत गेले आणि आतले रोप दिसेनासे झाले. जुन्या भाष्यकारांची एक शिस्त होती. प्रतिपक्षाचे मत आधी पूर्वपक्ष म्हणून मांडावयाचे, आणि तेही इतके समर्थपणे की वाचणाऱ्यास वाटावे, ग्रंथकार याच मताचा आहे की काय! त्यानंतर उत्तर.

सार्वजनिक गणेशोत्सवाचा विषय निघाला की लोकमान्यांचे नाव येतेच, आणि आम्हांस त्यांच्याबरोबर गोखले आठवतात. १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये जहाल-मवाळांचे भांडण व्यासपीठावर जोडा भिरकावण्यापर्यंत गेले. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले वारले, तेव्हा टिळक सिंहगडावरून खाली आले आणि स्मशानभूमीत त्यांनी गोखल्यांचा मुक्तकंठाने गौरव केला. हा प्रसंग आम्ही कीर्तनात कितीदा तरी सांगितला, टाळ्याही घेतल्या. वय वाढले तसे मनात येऊ लागले की ज्याने ते ऐकावयाचे तो तेव्हा ऐकण्यास उरला नव्हता.

त्याच गोखल्यांच्या नावाचा पूल अंधेरीत पूर्व-पश्चिम जोडतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद झाला, पाडून नवा बांधला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू खुली झाली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची पातळीच जुळेना! मुंबईभर हसू झाले. शेवटी जॅक लावून बर्फीवाला पुलाचा भाग उचलावा लागला. दोन्ही पूल आपापल्या जागी भक्कम होते, एवढे मात्र खरे.

हे सर्व शास्त्र पढलेले असूनही आम्ही चुकलो, ते सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. २०२२ च्या गणेशोत्सवात अंधेरी पूर्वेच्या एका वसाहतीत आमचे कीर्तन होते. उत्तररंगात कृष्णशिष्टाईचे आख्यान लावले होते. दुर्योधन सभा सोडून जातो त्या ठिकाणी आम्ही दोहोंपैकी एका गटावर एक कोटी केली. कोणत्या, ते येथे महत्त्वाचे नाही. अर्धा मंडप हसला. तिसऱ्या रांगेतील एक गृहस्थ उठले, गणपतीला नमस्कार केला आणि निघून गेले. त्या मंडपात वर्षानुवर्षे आरतीचे तबक धरणारे हे गृहस्थ. त्या क्षणी आम्हांस कीर्तन रंगल्याचाच आनंद होता. शिष्टाईचे आख्यान सांगता सांगता आम्हीच एकास सभेबाहेर घालवले, हे ध्यानी आले ते परतीच्या गाडीत.

पुढल्या वर्षी ते आलेच नाहीत. तेव्हा आम्ही त्यांच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडले, क्षणभर थांबले, आणि म्हणाले, “या बुवा. चहा होईल, पण मी बोलणार, आणि तुम्ही मध्ये दृष्टांत द्यायचा नाही.” दीड तास आम्ही दृष्टांत दिला नाही. हे किती कठीण होते ते कीर्तनकारच जाणे! ऐन विशीत शाखेत जाऊ लागल्यापासून २००५ च्या प्रलयात पाण्यात उतरून लोकांना बाहेर काढण्यापर्यंत, आणि पुढे कोठे व का मन उडाले येथपर्यंत, सर्व त्यांनी सांगितले. आम्ही त्यांना पटलो नाही, ते आम्हांस पटले नाहीत. परंतु आम्ही मंडपात ज्याची टवाळी केली होती तो माणूस हा नव्हताच. तो आम्ही आमच्या सोयीने उभा केलेला बाहुला होता.

गेल्या खेपेस आम्ही मुद्दाम तेच आख्यान लावले. ते गृहस्थ आले होते, दारालगतच्या खुर्चीवर. नाव न घेता आम्ही आधी त्यांची बाजू मांडली, जशी ऐकली तशी. त्यांनी बसल्या जागेवरून हात वर केला आणि म्हणाले, “बुवा, एक राहिले.” झांजा थांबल्या. त्यांनी राहिलेले सांगितले, आम्ही ते जसेच्या तसे पुन्हा सभेला सांगितले, त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी मान हलवली. मग आम्ही आमचे मत मांडले, ते विरुद्धच होते. आरतीच्या वेळी पाहिले तर खुर्ची रिकामी दिसली. वाटले, गेले. तेवढ्यात तबक आमच्यासमोर आले.